भट्टीतली नावं

आमच्या मुख्याध्यापिकांना कधी काय सुचेल याचा नेम नाही. शाळेतल्या मुलांच्या गामेलानला, म्हणजे वाद्यवृंदाला, दोन नवी वाद्यं द्या म्हणून मी अर्ज घेऊन गेले, तर बाईंनी उलट मलाच कामाला लावलं. "बू वारसिनी, वाद्यं येतील तेव्हा येतील. आधी मुलांना शब्द तरी कळू देत. चाळीस शब्दांची पुस्तिका करा. वाद्याचं नाव, ते कुठून आलं, अर्थ काय. तुमच्या घरात तर खाणच आहे."

खाण म्हणजे माझे वडील, पाक सगिमान. (पाक म्हणजे बाबा, आणि मोठ्या माणसाला मानाने मारायची हाकही.) वय चौर्‍याहत्तर. वातुसारी गावात मोठा गोंग घडवता येणारा शेवटचा माणूस. या खाणीतून एक शब्द वर काढायचा तर आधी तीन पेले गोड चहा आत सोडावा लागतो.

"पाक, केथुकला केथुक का म्हणतात?"

"वाजवून बघ."

मी वाजवला. थुक.

"आता केंपुल वाजव."

पुल.

"मग त्याला काय म्हणायचं, भात?" वडील म्हणाले आणि चहात तोंड घातलं.

गोंगचंही तेच. गोंग म्हणतो म्हणून गोंग. मी त्यांना कौतुकाने सांगितलं की आपल्याकडचा हा शब्द समुद्र ओलांडून परदेशातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांत जाऊन बसलाय, त्यांच्या कोशांतसुद्धा आहे. वडील म्हणाले, "गेला असेल. मला विचारून नाही गेला." रेबाब अरबांकडून आला आणि येताना नाव घेऊन आला, एवढं त्यांना ठाऊक होतं, पण ते तारेचं वाद्य, म्हणजे आमच्या धंद्यातलं नाही, म्हणून त्यावर ते बोलेनात. आणि गामेलान? "गामेल म्हणजे ठोकणं. ठोकायची ती गामेलान. लिही आणि मोकळी हो."

तर असे अकरा शब्द झाले. बारावा शब्द होता ओंबाक, म्हणजे लाट. मोठा गोंग वाजला की त्याचा आवाज सरळ जात नाही. तो फुगतो, ओसरतो, परत फुगतो. या लाटा किती आणि किती संथ, यावर गोंगची किंमत ठरते आणि घडवणार्‍याची लायकीही. मी विचारलं, चांगल्या गोंगला लाटा किती? वडील मला पडवीतल्या जुन्या गोंगपाशी घेऊन गेले, कापडी गोळ्याचा टोला दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

लहानपणापासून मी त्यांना ऐकताना पाहिलंय. डोळे मिटलेले, हनुवटी छातीला टेकलेली. आता डोळे उघडे, आणि तेही माझ्यावर. मग एकेक गोष्ट आठवत गेली. किटली दोनदा कोरडी होऊन करपली होती. मागून हाक मारली तर ओ नाही. शेजारच्या कोंबड्याला त्यांनी वर्षभरात एक शिवी दिली नव्हती. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हळू म्हटलं, "पाक, तुम्हाला लाट ऐकू येत नाही."

त्यांनी माझे ओठ वाचले. गोळा खुंटीला अडकवला.

"कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

हे कळायला मुहूर्तही असा की चारच दिवसांपूर्वी गावच्या प्रमुखाने, लुराहने, घरी येऊन त्यांना मोठ्या गोंगचं काम दिलं होतं. गावाची शुद्धी करायचा सण दीड महिन्यावर आलेला. त्या दिवशी सभामंडपात नवा गोंग टांगायचा होता, आणि वडील छाती पुढे काढून हो म्हणाले होते. आता ऐकू न येणारा माणूस गोंग जुळवणार कसा? हा गोंग मुका निघाला असता तर त्यांचं नाव कायमचं गेलं असतं, कारण एकदा ते निम्मं गेलंच होतं.

ती गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. याच मंडपासाठी वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका, लिक तुगिरान, यांनी मिळून गोंग घडवला होता. टांगायच्या दिवशी आमच्याकडे रीत असते. घडवणार्‍याने सगळ्यांसमोर तीन टोले द्यायचे आणि 'चांगला आहे' म्हणायचं, नाहीतर उचलून परत न्यायचा. पहिले दोन टोले उत्तम गेले. तिसर्‍याला गोंग झर्र करून चिरला. मंडपात सातशे माणसं होती. वडील म्हणाले, तुगिरानने भट्टी जास्त तापवली. लिक म्हणाले, पाण्यात बुडवायचा हुकूम कांगने, म्हणजे थोरल्या भावाने, उशिरा दिला. हे दोघांनी घरात म्हणायचं, तर मंडपातच म्हणाले. त्या दिवसापासून बोलणं बंद.

घरं मात्र समोरासमोर, मध्ये आठ पावलांचा रस्ता. लिक आपल्या अंगणात पत्र्याचे छोटे गोंग ठोकतात, वडील आपल्या भट्टीत केथुक आणि बोनांगची छोटी वाजवायची भांडी घडवतात, आणि ठोक्याला ठोका असा चालू असतो. आई गेली तेव्हा लिकनी तिला पुढून खांदा दिला, वडिलांनी पाणी शिंपडलं, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गावाने बिचार्‍याने तेवढी वर्षं कोणाकडून तरी आणलेल्या लोखंडी गोंगवर काढली. तो वाजला की वाटायचं, कोणीतरी रॉकेलचं पिंप लवंडलं.

शब्दांसाठी मी लिककडेही गेले. खरं सांगायचं तर शब्द हे निमित्त होतं. ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

लिकचं सगळं उलट. तुम्ही एक शब्द विचारा, ते तीन देतात. "केथुक थुक वाजतो म्हणून? कांगने सांगितलं असेल. अगं न्दुक, पोरी, माथुक म्हणजे पटणं. दोघांचं पटलं की केथुक. कुंपुल म्हणजे जमणं, चार माणसं जमली की केंपुल. मग आगुंग, थोर, म्हणजे देव. तो शेवटी येतो. गोंग."

"हे खरं आहे, लिक?"

"खरं नसेल. पण पोरांना लक्षात राहील."

गांग्सा म्हणजे कासं. हा शब्द मुळात संस्कृतातून आलाय हे मला पुस्तकातून माहीत होतं. लिक म्हणाले, छे, तिगा म्हणजे तीन आणि सदासा म्हणजे दहा, दहा भाग तांबं, तीन भाग कथील, झालं गांग्सा. आणि गामेल म्हणजे ठोकणं नाही, हातात धरणं. "ठोकतो तर कोणीही. तुझ्या बापाला ठोकण्यापलीकडे काही दिसत नाही."

मग बोलता बोलता त्यांनी तो शब्द काढला, जो माझ्या यादीत नव्हताच. पांजी.

पूर्वी मोठ्या गोंगची भट्टी पेटली की माणसं आपली नावं बाहेर ठेवून आत जात. आत जुन्या राजपुत्राच्या गोष्टीतली नावं घ्यायची. म्होरक्या तो पांजी. त्याचा उजवा हात, भट्टी सांभाळणारा, तो कार्ताला. घणवाला जारान. विस्तव असेपर्यंत आत खरं नाव उच्चारायचं नाही आणि बाहेर भट्टीतल्या नावाने कोणाला हाक मारायची नाही. संध्याकाळी विस्तवावर पाणी टाकलं की नावं उतरली. आत जे बोललं ते आत राहिलं.

"का पण?"

"आगीला माणसाचं नाव कळू नये म्हणून, असं आजोबा म्हणायचे. मला विचारशील तर, भट्टीत म्होरक्या तुला गाढवा म्हणतो, आणि रात्री तुला त्याच्याच घरी जेवायचं असतं. आत कोणी कोणाचा भाऊ नाही, कोणी कोणाचा देणेकरी नाही. फक्त काम." लिकनी सिगारेट विझवली. "मोठा गोंग बंद झाला आणि हेही बंद झालं. मी पंचवीस वर्षं कार्ताला होतो."

मी घरी आले ती पळतच. वडिलांसमोर बसले, त्यांना दिसेल असं तोंड करून म्हटलं, "पाक, पुस्तिकेत भट्टीतली नावं घालायची आहेत. पण मी ती कधी पाहिली नाहीत. या वेळी पुन्हा घ्याल?"

वडील मूर्ख नाहीत.

"पांजीला कार्ताला लागेल," ते म्हणाले.

"मी बोलावते."

"तू कोणाला बोलावणार आहेस ते मला माहीत नाही," वडील म्हणाले. "मी कोणालाच बोलावलेलं नाही."

मी रस्ता ओलांडला. "लिक, पांजीने कार्तालाला बोलावलंय."

लिक पत्रा कापत होते. कात्री थांबली. "पांजीने? की कांग सगिमानने?"

"पांजीने."

"मग जायला पाहिजे. कांग सगिमानने बोलावलं असतं तर मेलो तरी गेलो नसतो." एवढं म्हणून ते आत गेले आणि बुलिकला, म्हणजे माझ्या काकूला, भट्टीत अंगावर बांधायचा जुना चामड्याचा पडदा शोधायला लावला. तो सापडेपर्यंत त्यांनी तिला दम घेऊ दिला नाही.

शुभ दिवस पाहून भट्टीत फुलं, उदबत्ती आणि केळी ठेवली. खिडक्यांना गोणपाट लावलं, कारण धातूचा रंग अंधारातच कळतो. उंबरठ्यावर चार माणसं एकामागून एक थांबली, आपलं नाव हळूच म्हणाली, आत पाऊल टाकलं आणि दुसरं नाव म्हणाली. वागिनो नावाचा आमचा साठीचा घणवाला जारान झाला. सगळ्यात शेवटी लिक आले. वडील आत दाराकडे तोंड करून उभे होते.

"कार्ताला," लिक म्हणाले.

"उशीर केलास," वडील म्हणाले. "भाता धर."

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. माझ्या हातात चहाची किटली होती, ती मी खाली ठेवली. बाईमाणसाने उंबरठ्यापर्यंत यायचं, आत नाही. म्हणून मी उंबरठ्यावरच बसून राहिले. अर्धी आत, अर्धी बाहेर. आत बोललेलं बाहेर सांगायचं नाही हा नियम मला अर्धाच लागू, असं मी मानते.

तीन आठवडे काम चाललं. मी शाळा सुटली की येऊन बसायची. कधी वाटलं नव्हतं एवढे ते दोघे बोलत होते. "कार्ताला, डोळे आहेत की बटणं?" "पांजी, तोंड कमी चालव, चिमटा चालव." जारान हसून घण खाली ठेवायचा. संध्याकाळी पाणी पडायचं, वाफ उठायची, आणि दोघेही दारातून बाहेर आले की पुन्हा मुके. एक डावीकडे, एक उजवीकडे. बुलिक तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, पाठवायची, ते 'भट्टीसाठी'. रात्रीच्या जेवणाला कोणी कोणाला बोलवायचं नाही. मला हसू यायचं आणि रागही. म्हातारी माणसं, पण अशी की धरून दोन फटके द्यावेत.

गोंग पाण्यात बुडवायचा दिवस आला. हीच वेळ, जी अकरा वर्षांपूर्वी चुकली होती. वडील धातूच्या लालीकडे बघत होते, लिक वडिलांकडे. वडिलांनी वेळेवर हात वर केला आणि गोंग सळसळत पाण्यात गेला. वाफ ओसरल्यावर वडील त्याच्याकडेच बघत म्हणाले, "त्या वेळी पांजीने उशीर केला होता."

लिक काही वेळ भाता उगाचच ओढत राहिले. मग वडिलांच्या समोर येऊन म्हणाले, "कार्तालाने रंग पाहिला होता. त्याला कळलं होतं. तो मुद्दाम गप्प बसला. म्हटलं, चुकू दे एकदा म्होरक्याला."

जारानने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. अकरा वर्षं ज्याच्यापायी घरात दोन चुली पेटल्या, ते दोन वाक्यांत निघालं. आणि संध्याकाळी पाणी टाकलं की ते आतच राहणार होतं, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी उठून अंगणात जाऊन आले.

मग जुळवणी. थंड गोंगला आतून बाहेरून हलके ठोके देत लाट बसवायची. वडिलांनी टोला दिला, वाट पाहिली, आणि गोळा खाली केला.

"पांजीला लाट ऐकू येत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तू ऐक."

मला वाटलं होतं लिक काहीतरी बोलतील. असली संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. ते बोलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, हनुवटी छातीला टेकवली, अगदी वडिलांसारखी, आणि वडिलांच्या मनगटावर बोटाने ठोके दिले. एक. दोन. तीन. वडील त्यावरून हातोडी कुठे पडायची ते ठरवत. चार दिवस असंच चाललं. एकाचे कान आणि दुसर्‍याचा हात. पाचव्या दिवशी लिकनी आठ संथ ठोके दिले आणि म्हणाले, "झालं." विस्तवावर शेवटचं पाणी पडलं. उंबरठ्यावर चौघांनी आपापली खरी नावं परत घेतली आणि लिक तुगिरान मान खाली घालून समोर निघून गेले.

सणाच्या दिवशी मंडप सकाळपासून भरला. पिवळ्या भाताचा डोंगर, फणसाची भाजी, पोरांचा गोंधळ. माझ्या शाळेची मुलं बोनांगमागे बसली होती. लिक अगदी शेवटच्या खांबाशी, इस्त्रीचा बाटिक सदरा घालून. लुराह म्हणाले, "पाक सगिमान, रीतीप्रमाणे होऊ द्या."

वडिलांनी पहिला टोला दिला. आवाज जमिनीतून वर आला. छातीत लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण वडील पाठमोरे होते, त्यांना ते कसं दिसणार?

दुसरा टोला. लोक गप्प. अकरा वर्षांपूर्वीचं सगळ्यांना आठवत होतं, त्यामुळे कोणी मान डोलवेना, कोणी हसेना. वडिलांनी वळून माणसांकडे पाहिलं. सगळे चेहरे दगडाचे. त्यांना त्या तोंडांवरून काहीच वाचता येईना.

तिसर्‍या टोल्यासाठी गोळा उचलला आणि तो वर तसाच राहिला. चिरला तरी त्यांना कळणार नव्हतं. चिरलेल्या गोंगला 'चांगला आहे' म्हणून बसले असते, सातशे माणसांसमोर. मी उठणार होते. मी जाऊन काय करणार होते, देव जाणे.

वडिलांनी गोंगकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, "कार्ताला."

वागिनोने कपाळाला हात लावला. म्हातार्‍या माणसांना कळलं काय झालं ते. भट्टीतलं नाव बाहेर, भर माणसांत. अशी चूक आमच्या सात पिढ्यांत कोणी केली नव्हती.

शेवटच्या खांबापासून लिक उठले. लोकांनी पाय आवरून वाट दिली. वडिलांच्या मागे दोन पावलांवर ते थांबले आणि म्हणाले, "कांग."

वडील तसेच उभे. गोळा वर.

"कांग," लिक पुन्हा म्हणाले. अकरा वर्षांची हाक, आणि जिथे जायचं होतं तिथे ती पोचलीच नाही.

मग ते पुढे झाले. वडिलांच्या हातातला गोळा घेतला. त्यांचा डावा तळवा धरून गोंगच्या कडेपाशी नेला, नुसता टेकवला न टेकवला असा. तिसरा टोला लिकनी दिला. आणि दुसर्‍या हाताने वडिलांच्या मनगटावर मोजत गेले. एक. दोन. तीन. आवाज फुगत होता, ओसरत होता. आठवी लाट संपेपर्यंत मंडपात कोणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

वडिलांची हनुवटी छातीला टेकली होती. डोळे मिटलेले.

"चांगला आहे," ते म्हणाले.

मग जो गलका झाला तो काय सांगू. मुलांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली, तीही चुकीची. लुराह लोकांतून वाट काढत आले, पण ते रीतीभातीचे पक्के. म्हणाले, "ते सगळं ठीक. पण भट्टीतलं नाव बाहेर निघालं, पाक तुगिरान. याला काय करायचं?"

लिक गोळ्याचं कापड नीट करत होते. "करायचं काय? नाव बाहेर निघालं म्हणजे विस्तव नीट विझला नव्हता. काम अजून बाकी आहे. परत पेटवावी लागेल."

"किती दिवस?"

"ते ज्याने नाव घेतलं त्याला विचारा. मोठ्याने विचारा."

एवढ्यात लोकांनी गोंगभोवती गर्दी केली आणि दोघे दोन बाजूंना झाले. संध्याकाळी वडिलांनी मला ओट्यावर समोर बसवलं. "तो माझ्या मागे आला तेव्हा काही म्हणाला का?"

"कांग म्हणाले."

वडिलांनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं.

"किती वेळा?"

"दोनदा."

"दोनदा," ते म्हणाले. मग रस्त्यापलीकडच्या दिव्याकडे बघत रडू लागले. मी त्यांना इतकं रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

दुसर्‍या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होते. वडील अंगणात आमच्या कोंबड्यांना दाणे टाकत होते, रस्त्याकडे पाठ करून. लिक चामड्याचा पडदा खांद्यावर टाकून घरातून निघाले. आठ पावलांतली चार चालले आणि बरोबर रस्त्याच्या मध्ये थांबले. तिथे भट्टीही नव्हती आणि घरही नव्हतं. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि सगळ्या आळीच्या खिडक्या उघडतील अशा आवाजात हाक मारली.

"कांग."

कोंबड्या पळाल्या. वडील वळले नाहीत लगेच. हातातले उरलेले दाणे त्यांनी सावकाश टाकले, हात लुंगीला पुसले.

"ओरडतोस कशाला?" ते म्हणाले. "ऐकू येतं मला."